नावं हरवलेले आवाज

काय जपून ठेवायचं आणि काय नाही, याचा निर्णय आपल्या घरांतून फार पूर्वीच होऊन गेलेला असतो. घराचं खरेदीखत, शेताचा सातबारा, निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड. अलीकडे तर कागदाची किंमत आणखीनच वाढली आहे. आजोबांच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी नातवाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्यामुळे कागद सांभाळायला कुणाला सांगावं लागत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायका जात्यावर बसून काय गात होत्या, हे मात्र कुठल्याच घरानं जपायच्या यादीत घातलेलं नव्हतं. गाणाऱ्या बायकांनी स्वतःही घातलं नव्हतं. "गाना काय कू लिखके रखना? आटा हुआ, गाना हुआ," असं आमची अम्मी म्हणायची. पीठ पडलं की गाणं संपलं, असा साधा हिशेब.

आम्ही तिघं भावंडं. सगळ्यात मोठी आपा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मधल्याचं सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. धाकटा एका पतसंस्थेत नोकरीला. आमचं मूळ गाव सीनेच्या काठी, मोहोळ तालुक्यात. अब्बा सोलापुरात सुताच्या पेढीवर हिशेब लिहीत, म्हणून आम्ही शहरात वाढलो. पण सुट्टी लागली की गाव. तिथं फूफी, खाला, दादीच्या बहिणी, शेजारच्या मराठा आणि धनगर घरातल्या बायका, सगळ्या एकाच जात्याला हात लावायच्या. समोरासमोर दोघी बसायच्या, एकीनं खुंटा ओढायचा, दुसरीनं वैरण घालायची, आणि गळा दोघींचा. ओवी मराठी. लग्नाच्या हळदीतली गाणी दखनी. पाळणे निम्मे मराठी, निम्मे दखनी. एकाच ओवीच्या माळेत पंढरीचा विठ्ठल यायचा आणि गावच्या पीराचा उरूसही यायचा, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

यात आम्हाला काही नवा शोध लागला, असा आमचा दावा नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या. त्याच्याही कितीतरी आधी विजापूरच्या सूफींनी बायकांच्या दळणाचा ताल ओळखून दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले होते. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर जो ग्रंथ लिहिला, १९७८ सालचा, त्यात या रचनांची दखल आहे. म्हणजे जातं आणि गाणं यांचं नातं विद्वानांना ठाऊक होतं. फक्त आमच्या घरातल्या बायकांना आपण काही मोलाचं गातो, हे ठाऊक नव्हतं.

२०१५ ते २०१८ या काळात आम्ही जमेल तसं ध्वनिमुद्रण केलं. आपाच्या निवृत्तीच्या पैशांतून एक हातात मावेल असा चांगला रेकॉर्डर घेतला होता. सणाला, लग्नाला, कुणाच्या आजारपणात भेटायला गेलो की रेकॉर्डर पिशवीत असायचा. अम्मी, दोन खाला, तीन फूफी, गावातल्या आणखी चौदा-पंधरा बायका. एकंदर ४१ तास भरले. आवाज दाबून लहान न करता तसाच ठेवायचा, असं मधल्यानं आधीच ठरवलं होतं. त्यामुळे एका तासाला सहाशे एमबीहून अधिक जागा लागायची. २०१९ पासून एकेक आवाज मिटत गेला. करोनाच्या दोन वर्षांत दोन फूफी गेल्या. २०२१ मध्ये अम्मी गेली. त्यानंतर ते ४१ तास आमच्यासाठी नुसतं संकलन राहिलं नव्हतं.

हे सगळं एका साध्या हार्ड डिस्कवर होतं आणि तिची दुसरी प्रत गावच्या घरातल्या कॉम्प्युटरवर होती. गावचा कॉम्प्युटर पावसाळ्यात गळतीच्या पाण्यानं गेला. २०२३ च्या मे महिन्यात हार्ड डिस्क टिकटिक वाजू लागली. डिस्क वाजायला लागली म्हणजे तिच्या आतली फिरती सुई थकली आहे, हे मधल्याला ऐकताक्षणी कळलं. त्यानं त्याच रात्री जागून सगळा माल दुकानातल्या कॉम्प्युटरच्या एसएसडीवर उतरवून घेतला. पहाटे डिस्क कायमची गप्प झाली. दोन दिवसांनी नवी डिस्क आली आणि तिच्यावर प्रत काढायला सुरुवात झाली. अकरा तासांची गाणी उतरली होती, तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. वीज गेली, आली, पुन्हा गेली. इन्व्हर्टर त्या झटक्यात ट्रिप झाला. पुन्हा वीज आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, पण त्याला आपला ड्राइव्ह सापडेना.

वाचकांपैकी पुष्कळांच्या लॅपटॉपमध्ये आज हीच एसएसडी असते, म्हणून ती आहे तरी काय, हे थोडं सांगितलं पाहिजे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनच्या तबकडीसारखी तबकडी फिरते आणि तिच्यावर चुंबकाच्या खुणा असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिच्यात फ्लॅश चिप असतात. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ज्या नँड फ्लॅशची मांडणी जगापुढे ठेवली, त्याच जातीच्या या चिप. त्यांत अब्जावधी बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा थोडासा भार कोंडून ठेवलेला असतो. भार किती आहे, यावरून मजकूर ओळखायचा. स्वस्तातल्या ड्राइव्हमध्ये एकाच कप्प्यात तीन-तीन बिट बसवलेले असतात. म्हणजे भाराच्या आठ पायऱ्या, आणि त्यातली नेमकी कुठली, ते ओळखायचं. एका रांजणात पाणी किती बोटं आहे, हे अंधारात हात घालून सांगण्यासारखं.

यात आणखी एक गोम आहे. फ्लॅशमध्ये लिहिताना एकेक पान लिहिता येतं, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक पुसण्यानं कप्पा थोडा झिजतो. म्हणून ड्राइव्हच्या आत एक कंट्रोलर बसवलेला असतो. तो मजकूर सारखा इकडून तिकडे हलवत राहतो, म्हणजे सगळे कप्पे सारखे झिजतील. तुम्हाला वाटतं आपली फाइल एका जागी पडून आहे. आत ती जागा बदलत असते. मग कुठला मजकूर आज कुठे आहे, याची एक खतावणी कंट्रोलर ठेवतो. खतावणी शाबूत असेल तर सगळं शाबूत. ती बिघडली तर मजकूर जागच्या जागी असूनही बेपत्ता.

वीज अचानक गेली की नेमकी हीच खतावणी अर्धवट लिहिलेली राहू शकते. मोठ्या संस्थांसाठी बनवलेल्या ड्राइव्हमध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेल्यावरही हातातलं काम पुरं करण्यापुरता जोर ते देतात. घरगुती ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात. आमचा ड्राइव्ह बाहेरून ठणठणीत होता. मधल्यानं तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिला, तेव्हा त्यानं २४० जीबीऐवजी दोन-चार एमबी जागा दाखवली आणि स्वतःच्या नावाऐवजी कंट्रोलरचं नाव सांगितलं. घरातला म्हातारा माणूस एखाद्या दिवशी स्वतःचं नाव विसरून आपण कुठल्या गावचे एवढंच सांगत बसतो, तशातली गत. मधल्यानं लगेच वायर काढली आणि पुन्हा लावली नाही. बिघडलेल्या ड्राइव्हला वीज देत राहिलं तर तो आपल्या मनानं आतली साफसफाई सुरू करू शकतो, आणि त्या साफसफाईत उरलंसुरलंही जातं.

पुढचा आठवडा सल्ल्यांचा होता. त्याच धंद्यातल्या एकानं सांगितलं, "कंपनीचं सॉफ्टवेअर मिळतं, ते चढवा. दहा मिनिटांत ड्राइव्ह नव्यासारखा चालू होईल." ते खरंच होतं. असं सॉफ्टवेअर मिळतं आणि ड्राइव्ह चालूही होतो, पण कोरा होऊन. दुकानदाराच्या दृष्टीनं ड्राइव्ह म्हणजे माल. आमच्या दृष्टीनं ड्राइव्ह म्हणजे डबा. वॉरंटीचंही तसंच. तीन वर्षांच्या वॉरंटीत नवा ड्राइव्ह मिळणार होता; जुना मात्र त्यांच्याकडे जमा करायचा आणि आतल्या मजकुराची जबाबदारी कुणाचीच नाही. धाकटा म्हणाला, "पतसंस्थेत कुणाचा लॉकर बिघडला, तर नवा लॉकर देऊन आतले दागिने विसरा असं आम्ही म्हणालो, तर लोक काय करतील?" आपा काही बोलली नाही. तिनं दोन बांगड्या मोडायची तयारी केली आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

शेवटी पुण्यात मजकूर परत मिळवून देणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे, असं कळलं. दोन्ही ड्राइव्ह, टिकटिकणारी डिस्क आणि बंद एसएसडी, जुन्या ओढणीत गुंडाळून आम्ही तिघंही सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघालो. तिघांनी जायची काही गरज नव्हती. पण कुणालाच मागे राहावंसं वाटेना.

प्रयोगशाळेतला माणूस पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्यानं आधी हार्ड डिस्क स्वच्छ हवेच्या पेटीत उघडून आम्हाला काचेतून दाखवली. आरशासारख्या तबकडीवर एक बारीक गोल ओरखडा उठला होता. "इथं चुंबकाचा थरच खरवडला गेलाय," तो म्हणाला. तिथून काही निघणार नव्हतं. मग त्यानं एसएसडी हातात घेतली. मल्टिमीटर लावून वीज नीट पोहोचते का पाहिलं, आणि म्हणाला, "कंट्रोलर जिवंत आहे. हे तुमचं नशीब."

नशीब का, ते आपानं विचारलं. ती आयुष्यभर मुलांना 'का' विचारायला शिकवत आली होती. त्यानं सांगितलं ते आम्हाला समजलं तसं लिहितो. पूर्वी असं करता यायचं, की चिप गरम हवेनं उपसून काढायच्या, यंत्रात घालून वाचायच्या आणि मजकुराची जोडणी बाहेर करायची. आता पुष्कळ ड्राइव्हमध्ये कंट्रोलर मजकूर चिपवर ठेवण्याआधीच तो कुलूपबंद करतो, आणि किल्ली त्याच्याच पोटात असते. कंट्रोलर मेला तर चिपमध्ये सगळं असूनही ते वाचता येत नाही. म्हणून आता कंट्रोलरला बाजूला सारून चालत नाही. त्याच्याचकडून काम करून घ्यावं लागतं.

ते असं. ड्राइव्हच्या पट्टीवरचे दोन ठरावीक बिंदू चिमट्यानं जोडून वीज द्यायची. मग कंट्रोलर आपला नेहमीचा, बिघडलेला कार्यक्रम उचलायच्या फंदात पडत नाही. नुसता जागा होऊन हुकमाची वाट बघतो. त्या अवस्थेत त्याच्या स्मरणात बाहेरून एक तात्पुरता कार्यक्रम चढवायचा. या कामासाठी पीसी-३००० नावाची यंत्रणा असते, जगभरातल्या अशा प्रयोगशाळा तीच वापरतात. मग एकेक ब्लॉक वाचत जायचं आणि मोडलेल्या खतावणीच्या जागी नवी खतावणी बांधायची.

"पण जुनी खतावणीच मोडली, तर नवी कशावरून बांधणार?" धाकट्यानं विचारलं.

यावर त्यानं जे सांगितलं ते ऐकून आम्हाला अब्बा आठवले. चिपमधल्या प्रत्येक पानाच्या कडेला थोडी जास्तीची जागा असते. तिथं कंट्रोलर हे पान मुळात कितव्या जागेचं आणि कुठल्या क्रमाचं, याची नोंद करून ठेवतो. म्हणजे पानाच्या अंगावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो. सगळी पानं चाळून ते पत्ते गोळा केले की नवी खतावणी तयार. अब्बा पेढीवर किर्द आणि खतावणी लिहायचे. ते सांगायचे, एकदा पेढीच्या छपराला आग लागून खतावणीच्या वह्या जळाल्या. शेठजी डोक्याला हात लावून बसले. पण किर्दीत रोजच्या रोज प्रत्येक रकमेपुढे कुळाचं नाव होतं. अब्बांनी आणि आणखी एका दिवाणजींनी महिनाभर बसून किर्दीवरून सगळी खाती पुन्हा उभी केली. त्या पुण्याच्या माणसाला ही गोष्ट सांगितली, तर तो पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "हेच काम. फक्त कुळं काही कोटी आहेत."

खर्च बावीस हजार सांगितला. मजकूर निघाला नाही तर पैसे नाहीत. आपाच्या बांगड्यांपर्यंत वेळ येऊ दिली नाही, तिघांनी वाटून घेतला.

नऊ दिवसांनी फोन आला. वाचन पूर्ण झालं होतं. तो मूळ ड्राइव्हवर कुठलीच दुरुस्ती करत नव्हता. जे वाचता येईल ते आधी दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवायचं आणि पुढचं सारं काम त्या प्रतीवर करायचं, असा या धंद्यातला पहिला नियम आहे, असं त्यानं सांगितलं. प्रत बिघडली तर पुन्हा काढता येते, मूळ एकदाच मिळतं. आम्ही पुन्हा पुण्याला गेलो.

राहिलेल्या तीस तासांपैकी सव्वीस तास परत आले होते. दोन तासांच्या आवाजात मध्ये मध्ये खरखर आणि तुटकपणा होता. दोन तासांच्या जागी नुसती शून्यं होती. सव्वीस तास म्हणजे पुष्कळ. आपा तिथंच खुर्चीवर बसून रडली. पण तो माणूस म्हणाला, "एक अडचण आहे. फायली आल्यात, नावं नाही आली."

खतावणी बांधता आली, पण फोल्डर आणि फायलींची नावं जिथं लिहिलेली असतात, तो भाग सगळ्यात शेवटी बदललेला आणि म्हणून सगळ्यात जास्त बिघडलेला. त्यामुळे फायली त्यांच्या नावांवरून न शोधता चेहऱ्यावरून शोधाव्या लागल्या. प्रत्येक जातीच्या फाइलचा आरंभ ठरलेला असतो. फोटोची सुरुवात एका प्रकारे होते, आमच्यासारख्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात चार इंग्रजी अक्षरांनी होते आणि पाठोपाठ फाइल केवढी आहे, तो आकडा असतो. संगणक अख्खी डिस्क चाळत जातो, ती चार अक्षरं दिसली की तिथून तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवतो. त्या तुकड्याला नाव म्हणून तो नुसता एक क्रमांक देतो. आम्ही मोठ्या हौसेनं प्रत्येक फाइलला गाव, तारीख, गाणारीचं नाव आणि गाण्याचा प्रकार अशी नावं दिली होती. त्या जागी आता सात-आठ आकडी क्रमांकांच्या दोनशे बारा फायली होत्या. आपाची वही होती, पण तीत नोंदी फाइलच्या नावानं होत्या. नावच गेल्यावर वहीला धरायला हात उरला नाही.

खरं काम तिथून पुढे सुरू झालं, आणि त्याला कुठलं यंत्र नव्हतं.

आमच्या मोठ्या खाला आता ब्याऐंशी वर्षांच्या. त्या मोहोळजवळ मुलाकडे असतात. डोळ्यांनी दिसत नाही म्हटलं तरी चालेल, पण कान तल्लख. आम्ही दर रविवारी तिथं जाऊ लागलो. त्यांच्या खाटेवर लॅपटॉप ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि एकेक फाइल. पहिल्या दिवशी पहिली फाइल लावली, तर जात्याची घरघर सुरू झाली आणि गाणं सुरू व्हायच्या आतच खाला म्हणाल्या, "ये अपने घरका जाता नै. ये पाटलाकडचा." आम्ही थक्क झालो. त्यांनी समजावून सांगितलं. पाटलांच्या जात्याला नुकती टाकी लावलेली, त्याचा आवाज खरखरीत. आमचं जातं गुळगुळीत झालेलं, ते 'पाण्यासारखं' वाजायचं. त्या एका वाक्यावर एकवीस फायली एका बाजूला निघाल्या.

मग आम्हालाही ऐकायची रीत कळली. गाण्याकडे कान न देता गाण्यामागच्या जगाकडे द्यायचा. एका फाइलीत पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता. गावच्या घराचा पत्रा जाऊन स्लॅब पडला तो २०१७ च्या दिवाळीनंतर, म्हणजे हे त्याआधीच्या पावसाळ्यातलं. एका फाइलीत मागे म्हशीची रेडकी ओरडत होती. ती म्हैस कुणाची, कधी व्याली, हे खालांच्या मुलाला पाठ. एकीत संध्याकाळी सातच्या मुक्कामी एसटीचा हॉर्न. एकीत कुणाचं तरी मूल "नानी, नानी" म्हणत होतं. ते मूल आता बारावीला आहे. त्याला फोन करून ऐकवलं, तर ते लाजलं. पण तारीख ठरली.

आवाज मात्र खालाच ओळखायच्या. श्वास कुठं घेते, कुठल्या शब्दावर खोकते, ओवीचा शेवट उंच सोडते की खाली टेकवते, यावरून. धाकट्या फूफीचा आवाज लागला की त्या हात वर करून आम्हाला गप्प करायच्या आणि फाइल संपेपर्यंत काही बोलायच्या नाहीत. धनगर वाड्यातल्या एका बाईचा आवाज ऐकून म्हणाल्या, "इसने मेरे छोटेकू दूध पिलायी," आणि मग ती सगळी हकीकत सांगितली. आम्हाला ती तोपर्यंत ठाऊक नव्हती. ज्या फायलींना आम्ही पूर्वी नुसतं 'दळणाची ओवी, क्रमांक सात' असं नाव दिलं होतं, त्यांच्यापुढे आता अर्धं पान मजकूर भरला. आठ महिने लागले. दोनशे बारापैकी एकशे नव्वद फायलींची ओळख पटली. बावीस आवाज अजून अनोळखी आहेत. त्यातल्या दोन-तीन बायका बहुधा पाहुण्या म्हणून आलेल्या, जात्याशी बसल्या, गाऊन गेल्या.

जे परत आलं नाही, त्याचंही सांगितलं पाहिजे. अम्मीचा एक पाळणा होता. निम्मा मराठी, निम्मा दखनी, आमच्या तिघांच्याही वेळी म्हटलेला. तो आम्हाला कुणालाच पुरता येत नाही. पाळणा ऐकताना मूल झोपतं, त्यामुळे शेवट मुलाला कधीच माहीत नसतो, असं आपा म्हणाली ते खरंच. तो एकदाच मुद्रित केला होता. ती फाइल आली, पण पहिल्या चार कडव्यांनंतर आवाज एकदम थांबतो. खरखर नाही, तुटणं नाही, काहीच नाही. फाइल पुढे तीन मिनिटं चालू राहते आणि त्या तीन मिनिटांत सगळी शून्यं आहेत. त्या पुण्याच्या माणसाला आम्ही ती एक फाइल पुन्हा पाठवली होती. त्यानं दोन दिवस पुन्हा खटपट केली, पैसे घेतले नाहीत, आणि स्पष्ट सांगितलं की ती पानं वाचता येण्याच्या पलीकडे गेली आहेत.

खालांना विचारलं. त्यांनी चार कडवी ऐकली, थोडा वेळ तोंडातल्या तोंडात घोळवली आणि पुढची तीन कडवी म्हणून दाखवली. पण ती अम्मीची नव्हती. चाल तीच, शब्द वेगळे. खालांनीच सांगितलं, "तेरी मां अलग गाती थी. ये मेरा है." आम्ही ते मुद्रित केलं, वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या नावानं. दोन्ही जोडून एक पूर्ण पाळणा करता आला असता. धाकट्याला तसं वाटतही होतं. पण खालांनी 'ये मेरा है' म्हटल्यावर ते दुसऱ्याच्या नावावर चढवणं आम्हाला बरं वाटलं नाही. अम्मीचा पाळणा आमच्याकडे चार कडव्यांचाच आहे.

या सगळ्यातून जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावं म्हणून थोडक्यात लिहितो. ड्राइव्ह दिसेनासा झाला तर पहिलं काम त्याची वीज तोडणं. 'फॉरमॅट करू का?' असं कॉम्प्युटरनं विचारलं तर नाही म्हणावं. दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर मूळ ड्राइव्हवर चालवू नये. चुकून पुसलेल्या फाइलबद्दलही एक गैरसमज आहे. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत खाली शिल्लक असायची, म्हणून ती काढता यायची. एसएसडीत तसं नाही. फाइल पुसली की कॉम्प्युटर ट्रिम नावाचा निरोप धाडतो आणि कंट्रोलर ती जागा सवडीनं खरोखरच रिकामी करतो. तिथून मग कुणी काही काढू शकत नाही.

आणखी एक. फ्लॅशमधला विजेचा भार हळूहळू झिरपतो. एसएसडी कपाटात ठेवून दिली म्हणजे मजकूर वर्षानुवर्षं टिकेल, असं धरू नये. घरगुती ड्राइव्हसाठी जेडेक या संस्थेनं जे मानक ठरवलं आहे, त्यात मर्यादेपर्यंत वापरून झिजलेल्या ड्राइव्हनं विजेशिवाय, तीस अंश तापमानात, एक वर्ष मजकूर सांभाळावा एवढीच अपेक्षा आहे. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकतो, हे खरं. पण उष्णता वाढली की झिरपणं वाढतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाटाच्या आत काय तापमान असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. आता आमच्याकडे तीन प्रती आहेत. एक दुकानात, एक पुण्याला आतेभावाकडे, एक इंटरनेटवरच्या साठवणीत. दर तीन महिन्यांनी तिन्ही उघडून पाहायचं काम धाकट्याकडे आहे. आपानं सगळ्या ओव्या हातानं वहीत उतरवायला घेतल्या आहेत. शाईला वीज लागत नाही, असं ती म्हणते.

आणि ध्वनिमुद्रणाची रीतही आम्ही बदलली. पूर्वी गाणं सुरू झालं की यंत्र सुरू करायचो आणि नाव नंतर फाइलला द्यायचो. आता यंत्र आधी सुरू होतं आणि गाणारीला आपलं नाव, गाव आणि माहेर स्वतःच्या तोंडानं सांगायला सांगतो. फाइलचं नाव उद्या पुन्हा हरवलं तरी आवाज आपलं नाव बरोबर घेऊन येईल. गेल्या थंडीत कामतीच्या बाजूला एका वस्तीवर अशाच एक वृद्ध बाई भेटल्या. नाव सांगा म्हटल्यावर त्यांनी आधी मुलाचं नाव सांगून त्याची आई असं सांगितलं. पुन्हा विचारलं, तर नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं म्हणून लाजत, शेजारणीकडून ते वदवून घेतलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर थोडा वेळ थांबून स्वतःचं सांगितलं, आणि लगेच ओवी धरली. ती तिन्ही उत्तरं रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आहेत. आम्ही त्यातलं काही कापलेलं नाही.